भाषण पोरांना नको, घरच्यांना द्या

अध्यक्षांनी माझी ओळख इतकी रंगवून करून दिली, की माझी दहा मिनिटं तिथेच गेली. पत्रिकेवर विषय छापलाय 'अमली पदार्थ आणि समाजाची हानी'. तिकडे येतोच, पण आधी माझं एक जुनं रडगाणं ऐकून घ्या.

26 जून जवळ आला की मला शाळांचे फोन सुरू होतात. अमली पदार्थविरोधी दिन! मागे एका शाळेत गेलो, तर स्टेजवर भलंमोठं कवटीचं पोस्टर आणि कवटीच्या तोंडात सिरिंज. आता सिरिंज तोंडात कोण धरतं? (हशा) चित्रकलेचे सर शेजारीच बसले होते, म्हणून गप्प राहिलो. शाल, नारळ झालं. मग सगळ्या शाळेनं हात पुढे करून शपथ घेतली. मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना चिमटे काढत होती, आणि मला तीच शहाणी वाटली. मुख्याध्यापकांना म्हटलं, मला पालकसभा द्या. ते म्हणाले, "पालक येत नाहीत हो. आणि आलेच तर विचारतील, शाळेत असलं काही सापडलंय का?" शपथेचे फोटो मात्र मी रिक्षात बसेपर्यंत व्हॉट्सॅपवर!

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणारा पोरगा आपणहून तोंड उघडत नाही. घरचे बोलू शकतात, पण तेच झाकतात. आधी माळ्यावरचा तांब्याचा हंडा जातो, मग भरलेलं सिलिंडर. आई शेजारणीला सांगते, हंडा कल्हईला दिलाय. वडील पाकीट उशाखाली घेऊन झोपतात, बहीण कानातलं मैत्रिणीकडे ठेवते. चौकीवर कोणी जात नाही, कारण चोर घरातलाच आणि पोरीचं लग्न जमायचंय! तुम्ही हसलात, पण पुढच्या रांगेतल्या दोघीजणी हसल्या नाहीत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर आता भराभर. गर्दची लाट होती तेव्हा, 1986 साली, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. आता जोडीला एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आलंय. 2015 पर्यंत ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही नव्हतं. त्याला अफूचं शेत लागत नाही, रसायनांचा कारखाना पुरतो. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीत असाच एक पकडला. मालेगावात डॉक्टरांनी चिठ्ठीवर द्यायची गोळी 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाते. एकच सुई चौघांत फिरली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी घरात येतात, बायकोपर्यंत पोचतात. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत अफूपासूनचे पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी निघाले. त्यांच्या घरचे हंडे कुठल्याच पाहणीत आले नाहीत.

आणि बापाला भीती असते पोलिसांची. कायद्यात कलम 64 अ आहे. माल थोडा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हेल्पलाइन 14446, फुकट आहे, लिहून घ्या. नंतर मला बाजूला घेऊन 'आमच्या एका लांबच्या नातेवाइकाचं आहे' म्हणून विचारलंत, तरी चालेल.