फोर्कचं काम ढकलण्याचं, धरून ठेवण्याचं नव्हे

(ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये, जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. टेबलावरचं मागून दिसणार नाही.

जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ‘थर्ड सुटतो.’ गाडी उतारावर असते, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की लिव्हर खाडकन न्यूट्रलला. मग मालक नवे गिअर शोधायला निघतो. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडच्या दुकानांत चक्कर होते, कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या टॅक्सीचा बॉक्स मिळतो, आणि तो बसवल्यावर त्याचाही थर्ड सुटतो. त्यात नवल काय? मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी घ्या: तिची शेवटची टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची मुदत संपून ती रस्त्यावरून उतरली. म्हणजे टॅक्सीतून निघालेला बॉक्स आयुष्यभर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गिअर बदलत आलेला असतो. त्याचे दात कदाचित चांगले असतील. फोर्क चांगले असतीलच असं नाही.

हा सिलेक्टर फोर्क. दोन पाय, मध्ये भोक. भोकातून सिलेक्टर शाफ्ट, म्हणजे लिव्हरनं सरकणारा दांडा, जातो आणि हे पाय स्लीव्हच्या खाचेत बसतात. स्लीव्ह म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी. लिव्हर हलवली की शाफ्ट सरकतो, शाफ्टबरोबर फोर्क, फोर्कबरोबर स्लीव्ह, आणि स्लीव्ह गिअरच्या डॉग दातांवर, म्हणजे त्याच्या कडेच्या छोट्या दातांवर, चढते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं बरेच जण विसरतात. स्लीव्ह पूर्ण चढली की फोर्कचं काम संपतं. पुढे गिअर धरून ठेवतात ते डॉग दात, कारण चांगल्या बॉक्समध्ये त्यांना उलटा उतार दिलेला असतो आणि जोर आला की स्लीव्ह आणखी आत ओढली जाते. शाफ्टच्या खाचेत बसलेली स्प्रिंगवरची गोळी त्यांच्या मदतीला असते. फोर्क म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. जमवून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. तो संसारात ढवळाढवळ करत राहिला की झिजतो, आणि संसारही मोडतो.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. न्यूट्रलला आणि प्रत्येक गिअरमध्ये फोर्क खाचेत मोकळा पाहिजे. बोटानं हलवला तर किंचित हलला पाहिजे.

झीज कुठे बघायची? पायांच्या टोकांवर. ही बघा, एका बाजूला चकाकी आहे, दुसरी बाजू अजून मळकी. एकाच बाजूनं घासलेला फोर्क म्हणजे तो वाकडा आहे, चुकीच्या जागी कसलाय, किंवा चालवणारा लिव्हरवर हात ठेवून बसतो. स्टिअरिंगवरच्या गिअरला ही सवय लागत नाही, तिथे हात ठेवायला जागाच नसते. हौसेनं फ्लोअर शिफ्ट करून घेतलेल्या गाड्यांत मात्र ती हमखास लागते. खाचेत फोर्कच्या बाजूला फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर इतकं समजा की मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यांत हिशोब चालतो, आणि अर्ध्या मिलिमीटरचा गेज सहज आत गेला तर तो फोर्क परत बसवू नका. वाकडेपणा बघायचा तर फोर्क शाफ्टवर चढवून शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवा आणि दोन्ही पायांवर डायल गेज, म्हणजे काट्यानं बारीक फरक दाखवणारं मापक, फिरवा.

ब्रेझिंगनं, म्हणजे पितळ वितळवून, झिजलेले पाय भरून घ्यायचे का, हे कुणीतरी विचारणारच. भरता येतात. पण उष्णतेनं फोर्क वाकतो, म्हणून भरून, लेथवर घासून झाल्यावर वाकडेपणा पुन्हा तपासायचा. दुसरा चांगला फोर्क मिळत असेल तर मी त्याच्याकडे आधी जाईन.

आता बसवण्याकडे येऊ. फोर्क शाफ्टवर पक्का करायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत शाफ्टला खळगा असतो आणि निमुळत्या टोकाचा स्क्रू त्यात उतरतो. जागा कारखान्यानं ठरवलेली, तुम्ही फक्त स्क्रू नीट खळग्यात बसला की नाही ते बघायचं, चेक नट आवळायचा किंवा डोक्यातून तार ओवून बांधायचा. मॉरिस ऑक्सफर्ड घराण्यातले ब्रिटिश बॉक्स या जातीचे. दुसरीत फोर्क शाफ्टवर नुसता आवळून धरलेला असतो, आणि तो मागेपुढे सरकवून जागा तुम्हीच ठरवायची. फोक्सवॅगन बीटलचा बॉक्स असा. तिथे कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये सेटिंगसाठी खास जिग (भाग नेमक्या जागी धरणारा साचा) सांगितलेला आहे, आणि तो उगाच नाही.

या दुसऱ्या तऱ्हेत घाई केली की सगळं बिघडतं, म्हणून सावकाश सांगतो. आधी बेअरिंग, शिम (जागा भरणाऱ्या पातळ चकत्या), सर्क्लिप (अडकवायची कडी) बसवून गिअरचे शाफ्ट आपल्या अंतिम जागी आणा. बेअरिंग नवं आलं किंवा शिम बदलला की मेनशाफ्ट, म्हणजे गिअर आणि स्लीव्ह ज्यावर असतात तो शाफ्ट, पुढेमागे होतो, त्याच्याबरोबर स्लीव्हही. पण फोर्क उभा असतो केसिंगच्या हिशोबानं. म्हणजे जुनी सेटिंग ‘जशी होती तशी’ ठेवली तरी ती चुकलेलीच असते.

मग गोळी न्यूट्रलच्या खाचेत, स्लीव्ह हबच्या (ती ज्यावर सरकते त्या तुकड्याच्या) बरोब्बर मध्ये, आणि फोर्क हलकासा आवळा. इनपुट शाफ्ट हातानं फिरवत एका बाजूचा गिअर टाका. कान द्या. गोळीचा ‘टक्’ स्लीव्ह टेकायच्या आधी आला पाहिजे, आणि त्यानंतरही स्लीव्हला थोडी जागा उरली पाहिजे. आधी स्लीव्ह टेकली आणि गोळी खाचेच्या काठावरच राहिली, तर हाच तुमचा सुटणारा थर्ड. मग दुसऱ्या बाजूचा गिअर टाका. एकीकडे भरपूर जागा आणि दुसरीकडे शून्य असेल तर फोर्क केसभर सरकवा, पुन्हा तपासा. दोन्हीकडे सारखं आलं की न्यूट्रलला परत या आणि सिंक्रोची, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी, पितळी रिंग गिअरच्या कोनवर मोकळी आहे का ते बघा. ती घासत असेल तर वर्षभरात सिंक्रो संपलं म्हणून समजा.

पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेल्या चार गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये आणखी एक भानगड असते. पहिल्याचे दात बऱ्याचदा फर्स्ट-सेकंडच्या स्लीव्हवरच कापलेले असतात आणि रिव्हर्सचा आयडलर (दिशा उलटवणारा मधला गिअर) त्यांनाच येऊन भिडतो. त्या स्लीव्हचं न्यूट्रल हुकलं तर रिव्हर्सही नीट पडत नाही. रिव्हर्स खरखरतो म्हणून रिव्हर्सचाच फोर्क खोलत बसू नका.

इंटरलॉकबद्दल, म्हणजे दोन गिअर एकदम पडू न देणाऱ्या अडसराबद्दल, थोडं. तीन समांतर सिलेक्टर शाफ्ट असले की त्यांच्यामध्ये दोन प्लंजर असतात आणि मधल्या शाफ्टच्या आरपार एक बारीक पिन. एक शाफ्ट सरकला की बाकीचे दोन अडकतात. मधला शाफ्ट ओढताना ही पिन पडते, आणि शेडच्या फरशीवर ती कुठे जाते ते देवालाच ठाऊक! ती न बसवता बॉक्स बंद केलात तर एकाच वेळी दोन गिअर पडू शकतात आणि बॉक्स जागच्या जागी जाम होतो. गोळ्या-स्प्रिंगा काढताना वर फडकं धरा. रिव्हर्सची स्प्रिंग वेगळी असू शकते, म्हणून ढीग करू नका.

सगळं टेबलावर हातानं पास झाल्याशिवाय बॉक्स गाडीत चढवायचा नाही, आणि लिंकेजला, म्हणजे लिव्हरपासून बॉक्सपर्यंतच्या जोडणीला, तोवर हात लावायचा नाही. लिंकेज सगळ्यात शेवटी. त्याचे बुश गेलेले असले की लिव्हर पूर्ण सरकल्यासारखी वाटते, पण आत फोर्क अर्ध्या वाटेवरच असतो.

आणि चाचणी सपाट रस्त्यावर घेऊ नका. घोडबंदर रोडनं गायमुखच्या घाटात सकाळी लवकर जा, ट्रॅफिक लागायच्या आत. उतारावर थर्ड टाका, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. लिव्हरला हात लावू नका. इथे टिकला तर बॉक्स टिकला. इथेही सुटला आणि टेबलावर सगळं बरोबर होतं, तर बॉक्स उतरवण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग रबरं बघा. ती दबून निकामी झाली की ॲक्सिलरेटर सोडताच इंजिन हलतं आणि लिंकेज ओढलं जातं. रबरं स्वस्त आहेत, आणि ती बदलायला बॉक्स उघडावा लागत नाही.