चहा बाहेर, चेंडू आत

[दृश्य : सकाळ. लाल मातीवर फिरणारा रोलर. बाकी काही आवाज नाही.]

पुणे. १८९२ चा सुमार. पूना क्लबच्या मैदानावर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा रोलर ओढतोय. हे झालं की चुन्याच्या रेघा मारायच्या, सरावाच्या जाळ्या बांधायच्या, साहेबांनी सांगितलं तर टेनिसचं कोर्टही आखायचं. पगार महिना चार रुपये. याआधी पारशी मंडळींच्या मैदानावर तीन मिळायचे, म्हणजे ही बढतीच म्हणायची.

मुलाचं नाव बाळू. आडनाव पालवणकर. जातीने चर्मकार. चेंडूफळी, म्हणजे क्रिकेट, तो शिकला ते छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर.

एक दिवस क्लबातल्या एका साहेबाने त्याच्याकडे चेंडू टाकला : चल, दोन-चार बॉल टाक. डावखुरा हात, संथ चेंडू, पण टप्पा पडला की असा वळायचा की बॅट एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. त्या दिवसापासून रोलरनंतरचं काम ठरलं. साहेबांना सराव द्यायचा.

त्यात एक जॉन ग्रेग. पुढे इंग्लंडात हॅम्पशायर कौंटीकडून खेळला, हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांत मोठं नाव. सांगतात की तो इतरांच्या तासभर आधी यायचा, आणि बाळूने बाद केलं की दर वेळी आठ आणे काढून द्यायचा. हिशेब करून बघा. महिन्यात आठ वेळा साहेब बाद झाला की पगाराएवढी वरकमाई.

शेकडो तास बाळूने तिथे गोलंदाजी केली. बॅट मात्र त्या क्लबात त्याच्या हातात एकदाही दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम नोकराने गाळायचा.

[दृश्य : रिकामं पॅव्हेलियन. पायरीच्या बाहेर, कुंपणाशी, मातीचं एक भांडं.]

वयात येण्याच्या गोष्टींचा एक साचा असतो. नायक अजाण असतो, मग काहीतरी मोडतं, घर, मैत्री, विश्वास, आणि शेवटी त्याला जगाची रीत कळते. बाळूला ती कळायची काय बाकी होती? मैदानात पाऊल टाकायच्या आधीच तो ती कोळून प्यायला होता. जाण यायची होती ती इतरांना. त्यांना ती यायला किती वर्षं लागली, तेवढंच आपण आज मोजणार आहोत.

पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूला घ्यावं की न घ्यावं यावर संघात खल झाला. शेवटी जिंकण्याची हौस सोवळ्यापेक्षा मोठी ठरली, आणि बाळू संघात आला. आला म्हणजे किती आला? मैदानात सगळे तोच चेंडू हाताळायचे. चहाची वेळ झाली की मंडळी पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घ्यायची, आणि बाळूचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, एकदा पिऊन फेकून द्यायच्या. हात-तोंड धुवायचं झालं तर एक अस्पृश्य नोकर किटलीतून पाणी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात जायचा. जेवायला ताट वेगळं, टेबल वेगळं.

चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. चेंडू लाळेनं, घामानं चकाकवत या हातातून त्या हातात जातो, ते कुणाला खटकत नव्हतं. याचा तर्क लावायला गेलं तर डोकं फिरतं, म्हणून मी लावत नाही.

मग साताऱ्याचा सामना. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने म्हणे आठवडाभर आधीपासून खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला, कारण बाळूचा चेंडू वळता कामा नये. रोलर! ज्याने मिसरूड फुटायच्या वयापासून रोलरच ओढला, त्याला तो काय धाक घालणार? बाळूने सात गडी बाद केले. पुण्यात परतल्यावर सत्कार झाला, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्याच्या गळ्यात हार घातला.

इथपर्यंत आपण बाळूला ‘अरे-तुरे’ केलं. हार गळ्यात पडला, आता ‘ते’ म्हणायला हरकत नसावी. मराठीत वयात येणं असंही मोजता येतं.

[दृश्य : मुंबई. समुद्राकडून येणारा वारा, जिमखान्यांची रांग.]

१८९६ ला प्लेग आला. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. शहर हादरलेलं होतं. बाळू या धामधुमीच्या दिवसांत मुंबईला आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. इथेही आधी कुरकुर झालीच. पण धाकटे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत यांनाही पुढे याच संघाची दारं उघडली.

फेब्रुवारी १९०६. बंगालच्या फाळणीला चार महिने झालेले, स्वदेशीची हवा तापलेली. अशा वेळी हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. संघात बाळू होते, शिवराम होते. पण ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राला धावांपेक्षा दुसरंच मोलाचं वाटलं : हे भाऊ आता जिमखान्यात बाकीच्यांसोबत बसून खातात-पितात. पुण्याच्या कुंपणापासून मुंबईच्या टेबलापर्यंत पोहोचायला दहा-बारा वर्षं गेली होती.

१९११ चा इंग्लंड दौरा मी भरभर सांगतो, कारण आकडा पुरेसा बोलका आहे. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेला तो संघ बरेच सामने हरला. बाळूंचे बळी ११४.

एवढं झालं, तरी कर्णधारपद नाही. १९१२ पासून धर्मवार संघांची मुंबईतली स्पर्धा चौरंगी झाली (हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन), दरवर्षी कर्णधार निवडला जायचा, आणि दरवर्षी तो दुसराच कुणीतरी असायचा. १९१३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै यांनी भर समारंभात सांगितलं की हा मान बाळूंचा होता, ते ज्येष्ठ आहेत, अनुभवी आहेत. टाळ्या झाल्या असतील. कर्णधार पैच राहिले.

[दृश्य : जुन्या वर्तमानपत्राचा स्तंभ. अक्षरं हळूहळू स्पष्ट होतात.]

आता १९२०. ही तारीख नीट बघा. ३१ जानेवारीला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि तरुण डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केलं, आणि गांधीजी अस्पृश्यता हा हिंदू समाजावरचा कलंक आहे असं सांगत होते.

आणि त्याच वर्षी हिंदू जिमखान्याने बाळूंना संघातून वगळलं. पै आजारी, तर कर्णधारपद भलत्याकडेच. शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. नुसते घरी बसले नाहीत, जातीमुळे डावललं जातंय हे वर्तमानपत्रातून जाहीर केलं. ज्यांच्या घरात चार रुपयांची नोकरी बढती होती, त्या घरातली ही पोरं. ती आता छापून भांडत होती.

बोभाटा झाला. पुढच्या सामन्याला तिघेही संघात परतले आणि बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. पै बरे होऊन कर्णधार म्हणून उतरले, आणि मग सामना चालू असताना काही काळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. पैंच्या सज्जनपणाबद्दल मला शंका नाही. पण हे कडी काढून दार ढकलायचं तसंच ठेवण्यासारखं झालं.

बाळूंची पुढची वाट सांगून टाकतो. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत ते होते. १९३७ मध्ये मुंबईतून काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले, समोर डॉ. आंबेडकर. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. एकेकाळी ज्यांच्या कर्तृत्वाचा आंबेडकरांना अभिमान वाटायचा, त्यांच्याशीच ही लढत. १९५५ मध्ये बाळू गेले.

कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही.

[दृश्य : गर्दी. टोप्या हवेत उडताहेत.]

ते मिळालं १९२३ मध्ये, विठ्ठलला. त्याच्या संघाने युरोपियनांना हरवलं, आणि ज्यांच्या वाडवडिलांनी या घराची सावली टाळली असती, त्या लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं. या सगळ्याची कहाणी विठ्ठलने पुढे मराठीत स्वतःच लिहिली, ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने.

थोरल्यापेक्षा तो दहा-एक वर्षांनी लहान. खेळ सारखा नव्हता. विठ्ठल फलंदाज होता.

[दृश्य : जाळीच्या आत, भिंतीला टेकवलेली एक बॅट.]