कुणाचा डबा?

हे वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभे राहिलेले नवे टॉवर. १४ ऑगस्ट २०२५ ला ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, १६० स्क्वेअर फुटाच्या खोलीतनं डायरेक्ट ५०० स्क्वेअर फुटात! आनंद होताच, पेढे वाटले, सेल्फी काढले, सगळं झालं.

जुन्या चाळी ब्रिटिशांच्या काळातल्या, १९२०च्या दशकातल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर २० खोल्या, संडास कॉमन. सकाळी रांगेत उभं राहायचा वैताग यायचाच, उगाच गोडवे नको गायला, पण त्या रांगेतच कळायचं की कुणाची नोकरी गेली, कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं, वेगळं सांगायची गरजच नाही. आणि कुणी गेलं तर त्या घरात चूल पेटत नाही, कडू घास शेजारचेच आणणार, चहासुद्धा शेजारनंच यायचा.

आता या मजल्यावरच्या काकू. इकडे आल्यावर तीनच महिन्यांत काका गेले. रात्री अ‍ॅम्ब्युलन्स आली, लिफ्टने खाली नेलं, आणि समोरच्या फ्लॅटवाल्यांना दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाचून कळलं. समोरच्या! चाळीत रात्री कुणी खोकलं तरी चार खोल्यांना कळायचं.

काकूंना एवढं लागलं ते मनाला, की त्यांनी मजल्यावर सगळ्यांना गोळा करून ठरवलं, संध्याकाळी पाच ते सात दारं उघडी, फक्त पडदा, आणि कुणाकडे काही झालं तर ग्रुपवर हात जोडत बसायचं नाही, जाऊन विचारायचं. मग डब्यांचे वार ठरले. तिसऱ्या दारातली पोरगी काकूंबरोबर बँकेत गेली, डेथ सर्टिफिकेट, पासबुक, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स काढून. काकू म्हणतात, रडायला माणसं येतात गं, फॉर्म भरायला कुणी येत नाही.

आता प्रॉब्लेम एकच. पूर्वी स्टीलच्या भांड्यावर नाव कोरलेलं असायचं, कुणाचं कुठलं लगेच कळायचं. हे सगळे प्लास्टिकचे डबे, सहा जमलेत ओट्यावर आणि एकावरही नाव नाही. म्हणून काकू पाच वाजता निघतात, एकेक पडदा सारून विचारत, हा तुमचा का? रिकामा परत कसा द्यायचा, म्हणून आज आत शिरा आहे.