हिंगण्याच्या पहिल्या विद्यार्थिनी

(दृश्य : कर्वेनगर, पुणे. सकाळची वेळ. फाटकातून आत जाणाऱ्या मुली.)

निवेदन :

आज या भागाला कर्वेनगर म्हणतात. रिक्षा, स्कूट्या, पाठीवर दप्तरं आणि फाटकातून आत शिरणाऱ्या शेकडो मुली. 1900 साली मात्र इथं हिंगणे बुद्रुक नावाचं खेडं होतं, शहरापासून लांब, पावसाळ्यात वाटेवर चिखलच चिखल. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा दिली, तिच्यावर एक झोपडी उभी राहिली आणि धोंडो केशव कर्व्यांनी चार वर्षांपूर्वी पुण्यात विधवांसाठी सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम तिच्यात राहायला आला.

कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि पायी हिंगणं गाठायचे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आज त्यांच्या विद्यार्थिनींबद्दल बोलू. त्यांची नावं फारशी कुणाच्या तोंडी नसतात, याचं मला वाईट वाटतं.

(दृश्य : देवरुखची घरं, कोकणातली पायवाट.)

देवरुखच्या जोशांची कृष्णा. अकराव्या वर्षी लग्न होऊन ती पार्वती आठवले झाली. विसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं. केशवपन झालं, अंगावर विधवेचं लाल लुगडं, आलवण, आलं. पदरी लहान मुलगा. थोरली बहीण गोदूबाई हीसुद्धा बालविधवा. पण ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि 1893 मध्ये तिनं कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या गावानं, मुरूडनं, त्यापायी त्यांना वाळीत टाकलं. अशा बहिणीच्या आधारानं पार्वतीबाई पुण्याला आल्या आणि पंचविशी उलटल्यावर शिकायला बसल्या. त्या वयात लहान मुलींच्या बरोबरीनं धडे गिरवायचे! शिकून झालं, तेव्हा आश्रम सोडून जाण्याऐवजी त्यांनी आश्रमाचाच भार अंगावर घेतला. आधी तिथली व्यवस्था पाहिली, मग वर्गणी गोळा करायला बाहेर पडल्या.

इथं जरा थांबू या. वर्गणी मागणं हे काम तेव्हा पुरुषांनाही अवघड जायचं. विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागायचे, तेही पुनर्विवाह केलेल्या माणसाच्या संस्थेसाठी! ओसरीवरूनच परत पाठवणारी घरं काही कमी नव्हती. पार्वतीबाईंना केशवपनाची चाल मुळीच पटत नव्हती. तरीही त्यांनी ती कितीतरी वर्षं पाळली, कारण सोवळ्या बाईला माजघरापर्यंत जाता येत होतं. घरच्या बायका तिच्याशी मोकळेपणी बोलत. ‘ही तर आपल्यातलीच’ असं वाटलं, की एखादा बाप आपल्या विधवा लेकीला आश्रमात धाडायला तयार होई. जो वेश त्यांच्यावर लादला गेला होता, तोच त्यांनी दुसऱ्या मुलींसाठी कामाला लावला. तो त्यांनी उतरवला 1912 च्या सुमारास, संस्थेचा जम बसल्यावर. पैशांची देणगी मोजता येते. पण एका बाईनं वर्षानुवर्षं सोसलेल्या या गोष्टीची किंमत कशी करायची?

(दृश्य : जुन्या आगबोटीचं छायाचित्र.)

1918 साली पार्वतीबाई अमेरिकेला निघाल्या. वय अठ्ठेचाळीस, इंग्रजी जेमतेम. भाषा शिकायची आणि आश्रमासाठी मदत मिळवायची, एवढंच ठरवून. तिथं पोटापाण्यासाठी आणि इंग्रजी कानावर पडावं म्हणून त्यांनी लोकांच्या घरी घरकाम धरलं. देवरुखच्या एका ब्राह्मण विधवेनं परमुलखात परक्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राबायचं! हे ऐकून त्या काळातल्या किती जणांना धक्का बसला असेल. 1920 मध्ये त्या परतल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्या एकट्या नव्हत्या. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर याही आश्रमात शिकल्या आणि तिथंच राबल्या. 1916 मध्ये कर्व्यांचं महिला विद्यापीठ सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या पदवीधरांपैकी एक कमलाबाई देशपांडे, न. चिं. केळकरांच्या कन्या. त्याही लहान वयात विधवा झालेल्या. थेट प्रागला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन त्याच विद्यापीठाच्या कामाला वाहून घेतलं.

या बायकांकडे पैसा नव्हता, जमीनजुमला नव्हता, वजनदार नाव नव्हतं. ‘आधी हातात चार पैसे येऊ देत, मग बघू,’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर त्यांना कुणी दोष दिला नसता. त्यांनी दिला तो स्वतःचा वेळ, रोजचा, उरलेल्या सगळ्या आयुष्याचा. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काय द्यावं, असं कुणी विचारलं की मला आधी त्यांचीच आठवण येते.

(दृश्य : दिवाळीचे दिवस. जिना चढणाऱ्या दोघी, हातात पावतीपुस्तक.)

संस्थेचं आजचं नाव महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. दिवाळी आली की भाऊबीज निधी गोळा होतो. भावानं बहिणीला ओवाळणी घालावी, तशी घराघरातून मुलींच्या शिक्षणासाठी रक्कम घेतली जाते. मोठ्या देणगीदाराची वाट न पाहता जो जे देईल ते घ्यायचं आणि छोट्या रकमेचीही पावती फाडायची. शिक्षिका, कार्यकर्त्या, माजी विद्यार्थिनी सोसायट्यांचे जिने चढतात. कुणी म्हणतं, “उद्या या.” मग वहीत फ्लॅटचा नंबर टिपला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल वाजते. “मागच्या वर्षी आजोबांनी दिले होते, ते कसे आहेत?” ही चौकशी आधी होते, पैशांचं नंतर. दाराशी चहा येतो, नव्या सुनेची ओळख होते, तिच्या मुलीची इयत्ता विचारली जाते. कुठल्या घरात यंदा मागायला नको, हेही त्यांना नेमकं ठाऊक असतं.

संध्याकाळी पावतीपुस्तकांचा आणि रोकडीचा हिशेब जुळवायचा, चिल्लर मोजायची, उद्याच्या सोसायट्या वाटून घ्यायच्या. गावाकडून शिकायला आलेल्या, घरची ओढाताण असलेल्या मुलींचं शिक्षण अशा पैशांतून होतं.