मुद्देमाल नष्ट करावा

घाटंजीहून पहाटेची एसटी, यवतमाळला गाडी बदलायची, मग वर्धा, नागपूर. वर्धा रोडवर मध्यवर्ती कारागृह. मुलाच्या मुलाकातीला निघालेल्या या मायच्या हातात युरियाच्या पोत्याची शिवलेली पिशवी आहे. पिशवीत निकालाची नक्कल.

निकाल इंग्रजीत. गावातल्या कॉलेजच्या पोरानं तो समजावून सांगितला: खून, जन्मठेप. शेवटची ओळ त्यानं सोडून दिली. तिच्याकडे लक्ष जातं कोणाचं? ‘मुद्देमाल कवडीमोल असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा.’

मुद्देमाल म्हणजे एक दुपट्टा, कुऱ्हाडीचा दांडा, एका पुडीत रक्तमिश्रित माती, दुसरीत साधी माती. सीएचा, म्हणजे सरकारी रासायनिक विश्लेषकाचा, रिपोर्ट सांगतो, रक्त माणसाचं, गट अनिर्णित. कोणत्या माणसाचं, हे विचारायला डीएनए चाचणी लागते. ती झालीच नाही.

१९८४ मध्ये इंग्लंडात लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचा हा ठसा सापडला. दोन वर्षांनी खुनाच्या तपासात तो पहिल्यांदा वापरला, तेव्हा पोलिसांपुढे कबुली दिलेला १७ वर्षांचा पोरगा निर्दोष निघाला. खरा गुन्हेगार नंतर सापडला. पहिली सुटका, मग अटक!

आपल्याकडे दोर पोलिसांच्या हाती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००५ च्या दुरुस्तीनं बलात्काराच्या आरोपीचे डीएनए नमुने घेण्याची तरतूद झाली. शिक्षा लागलेल्या कैद्याला स्वतःसाठी चाचणी हवी असेल, तर अपिलात जादा पुरावा घेण्याचं कलम आहे, तेही कोर्टाला पटलं तर. अपील फेटाळल्यावर त्यासाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांत आहे. तिथल्या २००४ च्या केंद्रीय कायद्यात, काही अपवाद सोडले, तर कैदी आत असेपर्यंत जैविक पुरावा जपावा लागतो. अर्थात २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही शिक्षेनंतरच्या अशा चाचणीला घटनात्मक हक्क मानलं नाहीच.

रक्ताचं कापड वाळवून कागदात ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. ओलंच प्लास्टिकमध्ये कोंबलं, की इथल्या एका पावसाळ्यात बुरशी.

हायकोर्टात अपिलाला ६० दिवस. हिचे कापूस वेचणीत आणि कागद जमवण्यात त्याहून जास्त गेले. नागपूर खंडपीठानं उशीर माफ केला, अपील दाखल झालं. पण मधल्या काळात ती शेवटची ओळ कोणी अमलात आणली असेल तर? म्हणून मोफत मिळालेल्या वकिलानं डीएनएचा अर्ज बाजूला ठेवलाय. आधी एवढंच विचारलंय, की मुद्देमाल जागेवर आहे का.

“दुपट्टा जाळून टाकला असंन का जी?” माय विचारते.

वकील फाइल बांधतात. पुढची तारीख सोमवारची.