स्पायडरमॅनचे खांदे

(पडद्यावर: ‘अमेझिंग फँटसी’, अंक 15 चं मुखपृष्ठ)

कॉमिकच्या या अंकावर तारीख ऑगस्ट 1962 ची, किंमत 12 सेंट. निळ्या-लाल कपड्यातला एक नवा गडी जाळ्याच्या दोरीला लोंबकळत इमारतींवरून चाललाय आणि काखेत त्यानं एक गुंड धरलाय. त्याची छाती बघा, मांड्या बघा. तालमीतून नुकताच अंग पुसत बाहेर आल्यासारखा दिसतो.

आता पान उलटू.

(पडद्यावर: कथेचं पहिलं पान)

एका बाजूला शाळेतल्या पोरांचं टोळकं आणि दुसऱ्या बाजूला एकटा पीटर पार्कर. गोल चष्मा, टाय, खांदे पडलेले. कथा म्हणते की बाहेरचा तो आणि आतला हा एकच. पण बघून पटत नाही, कारण ही दोन चित्रं दोन वेगळ्या हातांनी काढली आहेत.

बाहेरचं पेन्सिलकाम जॅक कर्बीचं. कॅप्टन अमेरिका ज्याच्या हातून उतरला, तोच हा कर्बी. आतली अकरा पानं स्टीव्ह डिट्कोची. गंमत अशी की आतली पानंही आधी कर्बीकडेच होती. त्यानं सुरुवातीची काही काढलीसुद्धा. संपादक स्टॅन लीला तो पोरगा फारच पैलवानी वाटला, म्हणून काम डिट्कोकडे गेलं. मग डिट्कोनं मुखपृष्ठही काढून दिलं. ते लीला पसंत पडलं नाही, म्हणून मुखपृष्ठ पुन्हा कर्बीकडे गेलं, आणि त्याच्या पेन्सिलरेघांवर शाई फिरवायला बसला कोण? डिट्कोच. थोडक्यात, कर्बी आत चालला नाही आणि डिट्को बाहेर चालला नाही.

आज आपण फक्त खांदे बघणार आहोत. चेहरा झाकलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे चित्रकार दुसरं कशातून सांगणार?

(पडद्यावर: डिट्कोच्या चौकटी, एकामागून एक)

डिट्कोचा जन्म 1927 चा, पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनचा. पोलाद कारखान्यांचं गाव. स्पायडरमॅनचं तोंड पूर्ण झाकायचं ही कल्पना त्याचीच, कारण आत एक कोवळं पोरगं आहे हे लपलं पाहिजे. पण तोंड झाकलं की भाव दाखवायची सोय गेली. ती कसर त्यानं हातांनी भरून काढली. जाळं सोडताना मधली दोन बोटं आत आणि बाकीची ताठ, ही मुद्रा आज गल्लीतली चार वर्षांची पोरंही करतात. 1963 मध्ये आलेल्या त्याच्या जादूगार नायकाचे, डॉक्टर स्ट्रेंजचे, हात शेजारी ठेवून बघा. तीच लांब, तणावलेली, काहीशी अस्वस्थ बोटं.

त्याचा स्पायडरमॅन सरळ उभा राहतच नाही. भिंतीवर उकिडवा बसतो, गुडघे कानांपाशी नेतो, छताला उलटा चिकटतो. कर्बीचा माणूस तुमच्या अंगावर धावून येतो. डिट्कोचा कोपऱ्यात दबा धरून बसतो, कोळी बसतो तसा. पानावर बहुतेक वेळा नऊ चौकटी, तीन गुणिले तीन, भाड्याच्या चाळीतल्या खोल्यांसारख्या. त्या दाटीत हा पोरगा सतत अडकल्यासारखा वाटतो.

(पडद्यावर: ‘अमेझिंग स्पायडरमॅन’, अंक 33, पहिली पाच पानं. सावकाश.)

इथे जरा थांबू. फेब्रुवारी 1966. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसचा पाण्याखालचा अड्डा. स्पायडरमॅनच्या पाठीवर लोखंडी यंत्राचं धूड कोसळलंय. वरून पाणी गळतंय. पीटरच्या मे काकूचा जीव वाचवणारं औषध समोर जमिनीवर पडलंय, हाताच्या जरा पलीकडे.

एखाद्या दुसऱ्या चित्रकारानं हे दोन चौकटींत उरकलं असतं. डिट्को त्याला पाच पानं देतो. आधी यंत्र जवळजवळ सगळी चौकट खाऊन टाकतं आणि माणूस तळाशी चिमूटभर उरतो. मग मान ताठ होते. मग एक खांदा जरासा वर येतो. पानं उलटाल तशा चौकटी कमी होत जातात आणि मोठ्या होत जातात, जणू तो यंत्राबरोबर चौकटीच्या कडाही रेटतोय. आणि पाचव्या पानावर एकच चित्र, अख्खं पानभर. हात वर, यंत्र वर, पाणी चहूकडे. डिट्कोच्या स्पायडरमॅनचे खांदे असे पूर्ण उघडलेले क्वचितच दिसतात, आणि इथे ते उघडायला त्याला पाच पानं लागली.

तोवर ली आणि डिट्को यांच्यात बोलणंही उरलं नव्हतं. कथेची जुळणी डिट्कोच करी, पानं पाठवून देई आणि ली त्यावर संवाद लिही. जुलै 1966 च्या अडतिसाव्या अंकानंतर डिट्को निघून गेला. पुढे पन्नास वर्षं त्यानं मुलाखती जवळजवळ दिल्याच नाहीत. 2018 मध्ये, नव्वदीत, मॅनहॅटनमधल्या त्याच्या घरी तो मृत सापडला.

(पडद्यावर: अंक 39)

त्याच्या जागी आला जॉन रोमिटा. हा थोरला. पुढे मुलानंही, नाव तेच, स्पायडरमॅन काढला. ब्रुकलिनचा हा माणूस आधी बरीच वर्षं डीसी या कॉमिक्स कंपनीसाठी प्रेमकथांची कॉमिक्स काढत होता. डोळ्यांत टचकन पाणी आलेल्या मुली, रुबाबदार डॉक्टर, खिडकीतला चंद्र, हे त्याचं रोजचं काम. कुंचल्याची रेघ गुबगुबीत, जाड-बारीक होत वाहणारी. त्याचा आदर्श होता मिल्टन कॅनिफ, वर्तमानपत्रातल्या साहसी चित्रमालिकांचा उस्ताद.

रोमिटाला वाटलं होतं, डिट्को चार-सहा महिन्यांत परत येईल. म्हणून सुरुवातीला त्यानं चक्क डिट्कोची नक्कल केली. बारीक रेघ, नऊ-नऊ चौकटी, अवघडलेला पीटर. हे अंक बघताना मला दुसऱ्याच्या चपला घालून चालणारा माणूस आठवतो. चालतोय नीट, पण पाऊल मोजून टाकतोय.

नक्कल टिकली नाही. हात सवयीचा गुलाम. रोमिटाला कुरूप माणूस काढताच येत नसे, असं मी म्हणेन, आणि ही तक्रार अर्धीच आहे. पीटरची हनुवटी भरली, केस नीट बसले आणि मुख्य म्हणजे पाठ सरळ झाली. चष्मा तर डिट्कोच्याच काळात, आठव्या अंकात, वर्गातल्या दांडगट फ्लॅश थॉम्पसननं फोडला होता. आता उरलासुरला पोक पण गेला.

(पडद्यावर: अंक 42, शेवटची चौकट)

आणि मग ही. मेरी जेन वॉटसन, पीटरची होणारी प्रेयसी. डिट्कोनं 1965 मध्येच तिला एकदा आणलं होतं, पण चेहरा फुलझाडाआड ठेवून. बघणाऱ्या बाकीच्या मुलींची तोंडं मात्र उतरलेली दाखवली. लपवणं हा त्याचा पिंडच. रोमिटानं नोव्हेंबर 1966 च्या अंकात दार उघडलं आणि तिला थेट आपल्याकडे बघत उभी केली. लाल केस, तिरकं हसू आणि तुला लॉटरी लागली म्हणून समज, अशा अर्थाचं वाक्य. अभिनेत्री अ‍ॅन-मार्गरेट डोळ्यांपुढे होती, हे रोमिटानं स्वतः सांगितलंय. प्रेमकथांतली सगळी वर्षं या एका चौकटीत वसूल झाली.

दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर जो स्पायडरमॅन छापलेला असतो, तो बहुतांशी रोमिटाच्या वळणाचा. भरलेला, देखणा, सगळ्यांना चालणारा. मला स्वतःला डिट्को जवळचा, कारण त्याच्या पोराला बघून वाटतं की हा शाळेत मार खात असणार. रोमिटाच्या पीटरला कोण मारेल?

(पडद्यावर: झपाट्यानं)

1988. कॅनडाचा टॉड मॅकफार्लेन. डोळे बशीएवढे, जाळं शेवयांसारखं गुंतागुंतीचं आणि गुडघे पुन्हा कानांपाशी. डिट्कोचा कोळी परत आला, पण दारूगोळा घेऊन. 2004 मध्ये चित्रकार जीवन कांगनं त्याला मुंबईत उतरवला. पवित्र प्रभाकर नाव, काकाचं नाव भीम, वर तेच लाल-निळं जाळं आणि खाली धोतर. उडी मारताना धोतराचा घोळ वाऱ्यावर फुगतो आणि सगळी आकृतीच नाचरी होते. कल्पना टिकली-न टिकली, तो घोळ मात्र झकास आहे.

(पडद्यावर: अंक 50. आवाज खाली.)

एक चित्र मुद्दाम मागे ठेवलं होतं. जुलै 1967, रोमिटाचंच. अंधारी गल्ली, पाऊस. पुढे कचऱ्याचा डबा आणि त्यातून लोंबणारा स्पायडरमॅनचा पोशाख. मागे पीटर आपल्याकडे पाठ करून निघून चाललाय. चेहरा दिसत नाही. देखणी हनुवटी नाही, नीट बसलेले केस नाहीत. ज्यांनी लोकांना जिंकलं ती सगळी हत्यारं रोमिटानं या पानावर खाली ठेवली.

आता त्याचे खांदे बघा.