गंज चालेल, तडा चालणार नाही

नमस्कार मंडळी. मला दिलेला विषय आहे 'जुनी हत्यारं शोधावीत कशी आणि दुरुस्त करावीत कशी'. मी क्रम उलटा करणार आहे. काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही हे एकदा कळलं, की शोधणं बरंचसं सोपं होतं. जुन्या बाजारात हत्याराचा भाव त्याच्या दिसण्यावर ठरतो, आणि त्याचा उपयोग ठरतो भलत्याच गोष्टींवर. या दोहोंत जी फट राहते, तिथेच स्वस्तातला सौदा सापडतो. गंज, मळ, तुटकी मूठ, उडालेला रंग यांनी भाव पडतो, पण हत्यार मरत नाही. उलट एखादी केसाएवढी चीर कुणाला दिसतही नाही आणि तिच्यामुळे सगळं मुसळ केरात जातं.

'जुनं ते सोनं' ही म्हण बहुधा एखाद्या विकणाऱ्यानेच काढली असावी. पूर्वीही भिकार हत्यारं ढिगाने बनत. ती वाकली, मोडली आणि वितळवली गेली, त्यामुळे आज आपल्याला दिसत नाहीत. टिकली ती चांगली होती म्हणून टिकली, आणि ती बघून आपण म्हणतो की तेव्हा सगळंच चांगलं होतं. तसं काही नाही. तरीही चांगल्या जुन्या हत्यारातलं पोलाद खरोखर उत्तम असतं. शेफिल्डला बेंजामिन हंट्समन याने 1740 च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्याआधीच्या पोलादात कार्बन एकसारखा पसरलेला नसे, कुठे कडक तर कुठे मऊ. मुशीतलं पोलाद आरपार एकजीव असे. त्यावर पुढे 'कास्ट स्टील' असा इंग्रजी ठसा मारत. आता गंमत बघा, हा ठसा वाचून कितीतरी लोक ते बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, समजतात आणि पटाशी परत ढिगात टाकतात. टाकू द्या त्यांना.

ही पटाशी जरा जवळून बघा. मागे बसलेल्यांसाठी फिरवतो, धारेला हात लावू नका. उतरत्या बाजूवर एक पुसट रेघ दिसते? रेघेच्या एका अंगाला रंग किंचित गडद, दुसऱ्या अंगाला फिका. धारेकडचा थर पोलादाचा आणि दुसरा साध्या मऊ लोखंडाचा. पोलाद महाग होतं, म्हणून लोहार लोखंडाच्या पट्टीवर पोलादाचा पातळ तुकडा भट्टीत तापवून, ठोकून जोडायचे. त्याचा फायदा असा, की धार कडक राहते आणि मागचं लोखंड धक्का सोसतं. धार लावायलाही सोपं, कारण दगडावर घासायचं असतं ते बहुतेक मऊ लोखंडच. पण हे पोलाद हत्याराच्या पूर्ण लांबीत नसतं. रंध्याचं जुनं पातं घेताना ही रेघ मागे कुठवर गेली आहे ते बघा. कुणीतरी आयुष्यभर धार लावून लावून पोलाद संपवलं असेल, तर तुमच्या हाती फक्त लोखंडाची पट्टी येईल, आणि तिला कितीही घासलं तरी धार टिकणार नाही.

बरं, गंज. गंजाला घाबरू नका, पण तो कुठे आहे ते नीट बघा. धार म्हणजे दोन पृष्ठं जिथे मिळतात ती रेषा. त्यातलं सपाट पृष्ठ, म्हणजे पात्याची पाठ, गंजाने खड्डे पडून खवल्यासारखी झाली असेल, तर पाते झिजत मागे येईल तसा प्रत्येक खड्डा धारेत येणार आणि तिथे खाच पडणार. खड्डे धारेपासून दूर, वरच्या भागात असतील तर खुशाल घ्या. पाठीच्या उलट बाजूचे, म्हणजे उतार असलेल्या बाजूचे खड्डेही फारसे त्रास देत नाहीत. बोटाने चाचपून कळलं नाही तर पाठीवर नख फिरवा. नख अडकलं तर खड्डा खोल आहे.

लोखंडी रंध्यात मी आधी पाते काढतो आणि तळाच्या फटीचे कोपरे बघतो, जिथून भुसा बाहेर येतो ती फट. बीड पडलं की वाकत नाही, तडकतं, आणि रंधा पडला की तडा बहुतेक त्या कोपऱ्यातून निघतो. नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर जुनी युक्ती आहे. जागा साफ करून तिच्यावर रॉकेल लावा, कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू खडूवर झिरपतं आणि ओली रेघ उमटते. बाजारात उभ्याने हे करता येत नाही हे मान्य, पण टॉर्चचा उजेड तिरका मारून बघणं कुठेही जमतं. दुसरी गोष्ट, सुटे भाग. लिओनार्ड बेली याने 1860 च्या दशकात रंध्याची जी रचना केली, ती 1869 साली स्टॅनली कंपनीने त्याचा धंदा विकत घेऊन पुढे नेली, आणि आजचे बहुतेक लोखंडी रंधे त्याच घडणीचे आहेत. त्यामुळे पातं, मूठ, वरची टोपी हे दुसऱ्या रंध्याचं बसू शकतं. पण त्यातल्या काही स्क्रूंचे आटे कंपनीने स्वतःच्या मापाचे ठेवले होते, ते हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. म्हणजे मूठ तुटलेला रंधा घ्यावा आणि स्क्रू हरवलेला दहादा विचार करून घ्यावा. लोक नेमकं उलटं करतात!

करवतीचं म्हणाल तर दातांकडे शेवटी बघा. दात बोथट असोत, दोन-चार पडलेले असोत, सगळे घासून नव्याने पाडता येतात. आधी करवत डोळ्यासमोर धरून मुठीपासून टोकापर्यंत नजर टाका. लांब, एकसारखा बाक असेल तर तो पुष्कळदा हाताने सरळ होतो. एकाच जागी घडी पडल्यासारखी मोड असेल तर ती ठोकून काढणं फार जाणत्या हाताचं काम आहे. मुठीवरचं पितळी पदक पुसून बघायला विसरू नका. हेन्री डिस्टन याने 1840 साली फिलाडेल्फियात करवतींचा कारखाना काढला, आणि त्या करवतींवरच्या पदकाची नक्षी वर्षांगणिक बदलत गेली. त्यामुळे पदकावरून करवत साधारण कधीची ते सांगता येतं. करवत कापेल की नाही हे पदक सांगत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

आता घरी आणल्यावरचं. सर्वांत आधी ब्रश आणि रॉकेल. पुष्कळदा ज्याला आपण गंज म्हणतो तो तेलात थिजलेला भुसा असतो. खरा गंज निघाला तर तीन मार्ग आहेत. व्हिनेगर चालतं, सायट्रिक आम्ल चालतं, दोन्ही स्वस्त. पण आम्ल गंज खाऊन झाल्यावर थांबत नाही, चांगलं लोखंडही खायला लागतं आणि पृष्ठ करडं, मलूल करून सोडतं. म्हणून अधूनमधून बाहेर काढून बघायचं, आणि झाल्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायचं. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूला तर आम्ल लावूच नका, मुलामाच निघून जाईल.

तिसरा मार्ग विजेचा, मला स्वतःला सगळ्यांत आवडणारा. प्लास्टिकची बादली, चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. हत्यार ऋण तारेला आणि साध्या लोखंडाचा एखादा फेकायचा तुकडा धन तारेला. दोन्ही एकमेकांना लागता कामा नयेत. बुडबुडे निघायला लागतात आणि रात्रभरात गंज सैल होऊन काळा चिखल होतो, तो ब्रशने धुतला जातो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. मात्र दोन गोष्टी पाळायच्याच. निघणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे काम उघड्यावर, विस्तवापासून लांब करा. आणि धन तारेला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका. त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो आणि मग ते पाणी ओतायचं कुठे हाच प्रश्न होतो. स्टेनलेस गंजत नाही म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येईल, असं वाटून नेमके हुशार लोकच यात फसतात. यातल्या कुठल्याही मार्गाने साफ केलेलं लोखंड उघडं-वाघडं असतं. पुसून, गरम हवेने वाळवून लगेच तेल लावलं नाही, तर चहा पिऊन येईपर्यंत त्यावर नारिंगी झाक चढते.

जुना रंग दिसला तर तो कोरडा घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं सर्रास असे. ओला करून खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, आणि खरवड गोळा करून टाका.

अडकलेल्या नटाबद्दल नेहमी विचारलं जातं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. म्हणजे आट्यांत जागाच उरत नाही, नट आतून आवळला जातो. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर केला की बोल्टच तुटतो. पातळ तेल सोडा, हातोडीने हलके ठोके द्या, आणि एक-दोन दिवस विसरून जा. तरी नाही हलला तर नट तापवा, गार होऊ द्या, पुन्हा तेल. सोडवताना एकाच दिशेने रेटू नका. थोडं सैल, थोडं घट्ट, असं मागेपुढे करा, म्हणजे गंजाचा चुरा बाहेर येतो.

आणि नट निघाल्यावर तो टाकून नवा बसवायची घाई करू नका. जुन्या ब्रिटिश यंत्रांवर जोसेफ व्हिटवर्थ याने 1841 साली ठरवलेले आटे असतात. त्यांचा कोन 55 अंशांचा, आजच्या मेट्रिक आट्यांचा 60 चा. जवळच्या मापाचा मेट्रिक नट एक-दोन फेरे गोडीगुलाबीने जातो, मग अडतो. तिथे जोर लावला की जे दीडशे वर्षं टिकलं त्याचे आटे दोन मिनिटांत कापले जातात. व्हाइस, लेथ, जुनं ड्रिल, काहीही उघडताना प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात परत हाताने लावून ठेवा.

धार लावताना एका गोष्टीची फार भीती बाळगा, ती म्हणजे उष्णता. विजेच्या सहाणेवर पातं टेकवलं की कडेला आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, आणि तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास निळा. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग आला म्हणजे तिथलं पाणी उतरलं, कडकपणा गेला. दिसायला धार येते, पण लाकडावर चार हात मारले की मुडपते. पॉलिशपेपर मारून तो निळा डाग घालवला तरी पोलाद कडक होत नाही. तेवढा भाग पूर्ण घासून मागे जावं लागतं. म्हणूनच फार चकचकीत केलेली पटाशी दिसली की मी जरा बिचकतो. ती कुणी, कशावर आणि किती वेळ घासली असेल? गंजलेल्या पटाशीत निदान लपवलेलं काही नसतं.

चकाकीवरून माझं अनेकांशी पटत नाही, तेव्हा तेही सांगून टाकतो. काही जण सगळं हत्यार आरशासारखं करतात. कंपनीचा ठसा, आधीच्या मालकाने मुठीवर कोरलेली अद्याक्षरं, हातांनी गुळगुळीत झालेलं लाकूड, सगळं साफ! मला हे पटत नाही. जिथे काम होतं तिथे, म्हणजे धार, पाठ, रंध्याचा तळ, तेवढं नीट सपाट करावं. बाकीच्या लोखंडावरचा जुना काळपट थर उलट गंजाला थोडाफार अडवतो, तो तसाच राहू द्यावा. मुठीला कोमट पाण्याने पुसून, वाळवून जवसाचं तेल चोळलं की पुष्कळ झालं. तेल लावलेला बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं आणि तेव्हा तापतं. बोळ्याच्या घडीत ती उष्णता कोंडली की तो आपोआप पेटतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

इथे एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: विजेची जुनी हत्यारं घ्यावीत का? तारेची घ्यावीत. वायर चिरली असेल तर बदलता येते, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजतात तेही बदलता येतात, बेअरिंग घरघरत असेल तर तेही पुष्कळदा मिळतं. चालवून बघताना जळका वास येतो का आणि ब्रशपाशी मोठ्या ठिणग्या उडतात का, एवढं पाहावं. बॅटरीवरची जुनी ड्रिल मात्र फुकट मिळाली तरी आधी तिची बॅटरी अजून बनते का ते विचारा. यंत्र चांगलं आणि बॅटरी मेलेली, असं बहुतेकदा निघतं. आणि जुन्या ग्राइंडरला लावलेला दगड तसाच फिरवू नका. तो काढून, टांगून, लाकडी मुठीने हलका वाजवून बघतात. चांगला दगड टणत्कार करतो, तडकलेला बद्द वाजतो. पण तो किती वर्षं ओलीत पडला होता, कुठून पडला होता हे आपल्याला कोण सांगणार? ग्राइंडर जुना घ्या, दगड नवा बसवा, आणि सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर त्याच्या समोर उभं राहू नका.